ऑरगॅनिकच्या रिॲक्शन्स लक्षात का राहत नाहीत?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: एस.वाय.बी.एस्सी.ला आहेस, दहावीपर्यंत मराठी माध्यम, गेल्या सेमिस्टरला ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पेपरात एटीकेटी लागली. दोनशे पानी वहीत शंभरावर रिॲक्शन्स उतरवून काढल्यास. रोज पहाटे पाठ करतोस आणि आठ दिवसांत निम्म्या पुसल्या जातात. मेकॅनिझम, म्हणजे रिॲक्शन पायरीपायरीने कशी घडते ते, तर दुसऱ्या ओळीपुढे सरकतच नाही. म्हणून ‘पाठांतराची एखादी चांगली पद्धत सांगा’ असं विचारलं आहेस. माझ्या वर्गातल्या मुलांना मी अरेतुरेच करते, त्यामुळे तुलाही तूच म्हणते.

मी एकवीस वर्षं पदवीच्या वर्गांना हा विषय शिकवते आहे. त्याआधी तीन वर्षं रंगद्रव्यं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. तुझ्यासारखी वही घेऊन येणारी दोन-चार मुलं दरवर्षी भेटतात आणि सगळ्यांना आपली स्मरणशक्ती कमी आहे असंच वाटत असतं. शंभर रिॲक्शन्स आठवडाभर डोक्यात धरणाऱ्या मुलाची स्मरणशक्ती चांगलीच म्हणायची. अडचण अशी आहे की तुझ्या वहीतली प्रत्येक रिॲक्शन सुटी आहे. डावीकडे एक रेणू, बाणावर रिएजंट, उजवीकडे दुसरा रेणू. मधे काय घडलं ते वहीत कुठेच नाही, मग एकीवरून दुसरी आठवणार कशी?

तुझ्या वहीत बहुधा असतीलच अशी चार नावं घे. कॅनिझारो १८५३ ची, पर्किन १८६८ ची, रायमर-टीमान १८७६ ची, क्लायझन १८८७ ची. इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ साली. म्हणजे ज्यांनी या रिॲक्शन्स शोधल्या त्यांना इलेक्ट्रॉन ही चीजच ठाऊक नव्हती. त्यांना त्या पाककृतीसारख्या लक्षात ठेवणं भागच होतं. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवायला आपण आज काढतो ते वक्र बाण रॉबर्ट रॉबिन्सन आणि त्यांचे सहकारी केरमॅक यांनी १९२२ मध्ये वापरायला सुरुवात केली. तू जे करतो आहेस तो १९२२ च्या आधीचा अभ्यास आहे, आणि तो त्या काळच्या मोठमोठ्या रसायनतज्ज्ञांनाही जडच जात होता.

पुढचं सगळं सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. तुझी परीक्षा कधी आहे आणि तुला पुढे काय करायचं आहे, यावर उत्तर बदलतं. तीन आठवडे उरले असतील तर मागच्या पाच वर्षांचे पेपर घे, वारंवार येणारी सात-आठ मेकॅनिझम्स निवड आणि तेवढीच बाणांसकट पक्की कर. विषय समजणार नाही, पण पेपर सुटेल. हातात चार-पाच महिने असतील तर मी खाली सांगते तसं कर. आयआयटी जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा किंवा एम.एस्सी. ऑरगॅनिक डोक्यात असेल तर दुसरा रस्ताच नाही. बारावीत बाँडिंग, हायब्रिडायझेशन, रेझोनन्स हे भाग घाईत उरकले गेले असतील, आणि नीटच्या गडबडीत बऱ्याच जणांचं तसं होतं, तर पहिले पंधरा दिवस तिथेच घालव. तो वेळ वाया गेल्यासारखा वाटेल, पण तरीही घालव.

आता बाण. पेपर तपासताना मला सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे बाण एच प्लसपासून निघून ऑक्सिजनकडे जातो. मुलांच्या मनात असं असतं की प्रोटॉन जाऊन चिकटतो, म्हणून बाण प्रोटॉनपासून. पण वक्र बाण अणूचा प्रवास दाखवत नाही, इलेक्ट्रॉनच्या जोडीचा दाखवतो. एच प्लसकडे एकही इलेक्ट्रॉन नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बाण ऑक्सिजनच्या एकाकी जोडीपासून निघतो आणि एच प्लसपाशी संपतो. शेपटी नेहमी इलेक्ट्रॉनवर, म्हणजे एकाकी जोडीवर किंवा बंधावर, आणि टोक जिथे नवा बंध होणार किंवा जिथे ती जोडी जाऊन बसणार तिथे. एवढी एक सवय लागली की निम्मी मेकॅनिझम्स स्वतःहून पुढे सरकू लागतात, कारण प्रत्येक पायरीला विचारायचे प्रश्न दोनच उरतात: इथे इलेक्ट्रॉन कोणाकडे जास्त आहेत आणि कोणाला हवे आहेत? जास्त असलेला तो न्यूक्लिओफाइल, हवे असलेला तो इलेक्ट्रोफाइल.

हे मी शिकले ते कारखान्यात. एम.एस्सी. करून लागले होते. अमाइनचं डायझोटायझेशन, म्हणजे त्याचा डायझोनियम क्षार बनवणं, शून्य ते पाच अंशांवर करून ते बीटा-नॅफ्थॉलशी जोडायचं, की रंग तयार. समीकरण मला झोपेतही आलं असतं. मी बर्फात ठेवलेल्या आम्लयुक्त डायझो द्रावणात नॅफ्थॉलची भुकटी तशीच घातली. फिकट, गढूळ गाळ आला, रंग धरेना. वरिष्ठ केमिस्ट आले, रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, “नॅफ्थॉल कोणत्या रूपात हल्ला करतं?” मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी कागदावर नॅफ्थॉल काढलं, कॉस्टिकने, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडने, त्याचा प्रोटॉन काढला, ऑक्सिजनवर ऋण भार मांडला आणि तिथून बाण रिंगमध्ये, रिंगच्या पहिल्या क्रमांकाच्या कार्बनवरून डायझोनियमच्या टोकाच्या नायट्रोजनकडे. इलेक्ट्रॉन द्यायला नॅफ्थॉलपेक्षा नॅफ्थॉक्साइड कितीतरी जास्त तयार असतं. मी नॅफ्थॉल आधी कॉस्टिकमध्ये विरघळवून घेतलं, पुन्हा केलं आणि थेंब पडताच लालभडक रंग भरला. मग कॉस्टिक वाटेल तितकं ओतावं का? तेही नाही. अल्कली फार झाली तर डायझोनियमच डायझोटेटमध्ये बदलतं आणि त्याची इलेक्ट्रॉनची भूक संपते. म्हणून पीएच साधारण ९-१० च्या आसपास ठेवतात. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये तूही ‘नॅफ्थॉल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा’ असं लिहिलं असशील. ते का, हे आता तुला त्या दोन प्रश्नांवरून सांगता येईल.

प्रॅक्टिकलचा विषय निघालाच आहे तर पीकेए तिथूनच शिक. पीकेए म्हणजे ॲसिड किती जोरदार ते सांगणारा आकडा, जितका लहान तितकं ॲसिड जोरदार. बायनरी, म्हणजे दोन पदार्थांचं मिश्रण वेगळं करताना आपण सोडियम बायकार्बोनेट घालतो. बुडबुडे आले की ‘ॲसिड प्रेझेंट’ असं लिहून मोकळे होतो. का येतात ते? बेन्झॉइक ॲसिडचा पीकेए ४.२ आहे, कार्बॉनिक ॲसिडचा ६.४. जोरदार ॲसिड आपला प्रोटॉन कमकुवत ॲसिडच्या बेसला देऊन टाकतं. त्यामुळे बेन्झॉइक ॲसिड बायकार्बोनेटला प्रोटॉन देतं, कार्बॉनिक ॲसिड बनतं, ते फुटून कार्बन डायऑक्साइड उडतो. बीटा-नॅफ्थॉलचा पीकेए ९.५, म्हणजे कार्बॉनिक ॲसिडपेक्षा ते कमकुवत. म्हणून बायकार्बोनेटमध्ये काही होत नाही, पण कॉस्टिकमध्ये ते विरघळतं, कारण पाण्याचा पीकेए १६ च्या आसपास आहे. आता पिक्रिक ॲसिड घे. ते खरं तर फिनॉलच, पण बायकार्बोनेटमध्ये फसफसतं. तीन नायट्रो गट ऋण भार आपल्याकडे ओढून पसरवतात आणि पीकेए पार ०.४ पर्यंत खाली येतो. एका परीक्षानळीत रेझोनन्स, इंडक्टिव्ह इफेक्ट आणि समतोल, तिन्ही प्रकरणं आली.

घरातही हेच दिसतं. शर्टावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो. हळदीतलं कर्क्युमिन फिनॉल आहे. साबणाच्या अल्कलीने त्याचा प्रोटॉन जातो, ऋण भार लांबच लांब कॉन्ज्युगेटेड साखळीत पसरतो आणि शोषल्या जाणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सरकते. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करायची आपली जुनी रीत आहे, तिच्यामागे हेच रसायन आहे. हे वर्गात सांगितल्यावर मुली घरी जाऊन करून बघतात, आणि फिनॉक्साइड त्यांना पुन्हा समजावावं लागत नाही.

पाठ करायचंच असेल तर हे पीकेएचे आकडे कर: हायड्रोक्लोरिक ॲसिड उणे ७, कार्बॉक्सिलिक ॲसिड ४ ते ५, कार्बॉनिक ६.४, अमोनियम ९.२, फिनॉल १०, बीटा-कीटोएस्टर ११, पाणी आणि अल्कोहोल १६, कीटोनचा अल्फा हायड्रोजन २० च्या आसपास, एस्टरचा २५, टोकाचं अल्काइनही २५, अमोनिया ३५ च्या पुढे. अकरा ओळी आहेत. आंघोळीच्या खोलीच्या दारावर कागद चिकटव. प्रोटॉन कोणाचा जाणार, कोणता बेस पुरेल, कोणता गट सोडून जाईल, या सगळ्याची उत्तरं याच कागदावर आहेत. हायड्रॉक्साइड हा जोरदार बेस, म्हणून तो सहजासहजी सुटत नाही. ब्रोमाइड अगदी कमकुवत बेस, म्हणून सुटतो. अल्कोहोलवर नुसतं सोडियम ब्रोमाइड घालून काही होत नाही, पण सोबत सल्फ्युरिक ॲसिड घातलं की होतं, ते यामुळेच. ॲसिडने ऑक्सिजनला प्रोटॉन दिला की हायड्रॉक्साइडऐवजी पाणी सुटतं.

आता तुझ्या वहीची सर्वांत जाड पानं, कंडेन्सेशन. आल्डॉल, क्लायझन, डीकमान, नोव्हेनागेल, पर्किन, प्रत्येकाला तू वेगळं पान दिलं असशील. मी ही सगळी एकाच फळ्यावर शिकवते. कार्बोनिलच्या, म्हणजे कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या, शेजारच्या कार्बनवरचा, म्हणजे अल्फा हायड्रोजन बेसने निघतो. उरलेला ऋण भाराचा आयन, म्हणजे इनोलेट, दुसऱ्या कार्बोनिलच्या कार्बनवर हल्ला करतो. मग बघायचं, तिथून सुटून जाण्यासारखं काही आहे का? आल्डिहाइड असेल तर सुटायला काही नाही, ऑक्सिजन प्रोटॉन घेतो आणि आल्डॉल मिळतं. एस्टर असेल तर इथॉक्साइड सुटतं, कार्बोनिल परत उभा राहतो, ते क्लायझन. दोन्ही एस्टर एकाच रेणूत असतील तर रिंग तयार होते, ते डीकमान. पर्किनमध्ये इनोलेट ॲसिड ॲनहायड्राइडपासून येतो. नोव्हेनागेलमध्ये दोन ओढणाऱ्या गटांमधला हायड्रोजन इतका सैल असतो की पायपरिडीनसारखा सौम्य अमाइनही पुरतो. आणि अल्फा हायड्रोजनच नसेल तर? बेन्झाल्डिहाइडला तो नाही. तीव्र अल्कलीत हायड्रॉक्साइडच कार्बोनिलवर जाऊन बसतो, आणि तिथला हायड्रोजन इलेक्ट्रॉनच्या जोडीसह, म्हणजे हायड्राइड म्हणून, दुसऱ्या रेणूकडे जातो. हीच कॅनिझारो.

एम.एस्सी.ला गेलास तर बेकर-वेंकटरामन पुनर्रचना येईल. ती १९३० च्या दशकातली. त्यातले के. वेंकटरामन पुढे मुंबईच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेचे, म्हणजे आजच्या आयसीटीचे, आणि नंतर पुण्याच्या एनसीएलचे, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, संचालक झाले. नाव ऐकून मुलं दचकतात. पण कागदावर काढली की दिसतं काय, तर त्याच रेणूतल्या कीटोनच्या मिथिलवरचा प्रोटॉन बेसने काढला, तयार झालेल्या इनोलेटने शेजारच्या एस्टरच्या कार्बोनिलवर हल्ला केला, फिनॉक्साइड सुटलं आणि डायकीटोन मिळालं. क्लायझनचंच घरगुती रूप. त्या डायकीटोनपासून ॲसिडने फ्लेव्होन मिळतात, फुलाफळांच्या पिवळ्या रंगांमधला सांगाडा. आल्डॉल नीट कळलेल्या एस.वाय.च्या मुलाला हे मेकॅनिझम मी न शिकवता काढता आलेलं मी पाहिलं आहे.

क्लायझनमध्ये एक बारकावा आहे आणि पेपरात तिथे हमखास गुण जातात. इथाइल ॲसिटेटच्या अल्फा हायड्रोजनचा पीकेए २५ आणि बेस सोडियम इथॉक्साइड, ज्याच्या ॲसिडचा, म्हणजे अल्कोहोलचा, पीकेए १६. आकड्यांवरून ही रिॲक्शन पुढे जायलाच नको. तरी जाते, कारण शेवटी बनणाऱ्या कीटोएस्टरमध्ये दोन कार्बोनिलांमधला हायड्रोजन ११ चा आहे, तो इथॉक्साइड झटकन काढून घेतं आणि त्या ओढीने आधीचा सगळा समतोल पुढे सरकतो. ही शेवटची पायरी न लिहिणाऱ्याला क्लायझन आली असं मी म्हणत नाही. कॉस्टिक का चालत नाही, हेही आता तूच सांगशील: एस्टरचं सरळ साबणीकरण होऊन जाईल.

मार्कोव्हनिकॉव्हचा नियम मुलं ‘ज्याच्याकडे जास्त हायड्रोजन त्यालाच आणखी’ असा पाठ करतात. मग १९३३ चा खराशचा पेरॉक्साइड इफेक्ट आला की उलटा नियम पाठ करतात, आणि परीक्षेत दोन्ही एकमेकांत मिसळतात. कारण लक्षात ठेवलं तर नियम एकच उरतो. आधी कोण येऊन चिकटतं ते पाहा आणि जो जास्त स्थिर मध्यस्थ, म्हणजे मधल्या पायरीचा रेणू, तयार होईल तिकडे जा. साध्या रिॲक्शनमध्ये आधी प्रोटॉन येतो आणि जास्त स्थिर कार्बोकॅटायन, म्हणजे धन भाराचा कार्बन, उरतो. पेरॉक्साइड असताना आधी ब्रोमिनचा रॅडिकल, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेला अणू, येतो आणि जास्त स्थिर कार्बन रॅडिकल उरतो. हे फक्त हायड्रोजन ब्रोमाइडबाबत, क्लोराइड आणि आयोडाइडबाबत तसं होत नाही.

स्टिरिओकेमिस्ट्रीबद्दल थोडंच सांगते, कारण ती वाचून समजत नाही, हाताने समजते. मॉडेल किट महाग असतं. गणपतीनंतर उरलेली शाडूची माती आणि खराट्याच्या काड्या घे, चार रंगांच्या गोळ्या कर आणि एक रेणू आणि त्याची आरशातली प्रतिमा, दोन्ही समोर ठेव. आरशातल्या दोन रूपांपैकी कोणतं आर आणि कोणतं एस ते ठरवताना कागदाकडे बघू नकोस, रेणू हातात धरून फिरव. दोन प्रतिमांमध्ये फरक तो काय, असं वाटलं तर नाकाला विचार: कार्व्होनचं एक रूप पुदिन्याच्या स्पिअरमिंट जातीत असतं, त्याचंच आरशातलं रूप बाळंतशेपाच्या तेलात. वास अगदी वेगळा, कारण आपल्या नाकातले ग्राही रेणूही डाव्या-उजव्या हाताचे असतात.

अभ्यासाला बसायचं कसं? माझ्या मुलांना मी कोरे कागद आणि पेन्सिल घेऊन बसायला सांगते, पुस्तक दुसऱ्या टेबलावर. एक मेकॅनिझम पुस्तकात उभ्या उभ्या वाचायचं, परत येऊन कागदावर काढायचं. अडलं तर लगेच उठून बघायचं नाही. आधी अडलेल्या जागी मराठीत लिहायचं, ‘इथे मला कळत नाही की इलेक्ट्रॉन नायट्रोजनकडे का गेले’. मग बघायचं. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा कोऱ्या कागदावर, चौथ्या दिवशी पुन्हा. रोज पाऊण तास पुरतो, पण रोज हवा. रविवारी पाच तास बसून हे साधत नाही, मी अनेकांना तसं करून थकलेलं पाहिलं आहे. धड्याच्या शेवटची उदाहरणं सोडवल्याशिवाय पुढच्या धड्याला हात लावू नकोस. उत्तरं मागे दिलेली नसलेले प्रश्नही सोडव आणि तुझ्या सरांना किंवा मॅडमना दाखव. बाण काढून घेऊन आलेल्या मुलाला कोणताही शिक्षक वेळ देतो.

रिएजंट मात्र पाठ करावे लागतील, त्याला पळवाट नाही. साधारण वीस. पण तेही कारणासकट. पीसीसी, म्हणजे पिरिडिनियम क्लोरोक्रोमेट, प्राथमिक अल्कोहोलला आल्डिहाइडपाशी थांबवतं आणि पाण्यातलं क्रोमिक ॲसिड थेट ॲसिडपर्यंत नेतं, कारण पाण्यात आल्डिहाइडचं हायड्रेट होतं आणि त्याचं पुढे ऑक्सिडेशन होतं. पीसीसी वापरताना पाणीच नसतं. सोडियम बोरोहायड्राइड आल्डिहाइड-कीटोनला पुरतं, साध्या एस्टरला सहसा हात लावत नाही. तिथे लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड लागतं.

आणि माध्यमाची भीती. कारण आधी मराठीत मोठ्याने बोल: ‘ऑक्सिजनची जोडी कार्बनकडे गेली, म्हणून ब्रोमीन जोडी घेऊन सुटला.’ ते जमलं की इंग्रजीत लिहायला चार-पाच ठरावीक वाक्यरचना पुरतात, त्या पंधरा दिवसांत बसतात. पेपरात बरेचसे गुण बाणांना आणि मध्यस्थांच्या अचूक रचनांना असतात, आणि बाणांना भाषा लागत नाही. माझ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुली आहेत, ज्यांची मेकॅनिझम्स मी इंग्रजी माध्यमातल्या मुलांना नमुना म्हणून दाखवते.

उद्यासाठी एक काम. इथाइल ॲसिटेट आणि सोडियम इथॉक्साइड घेऊन क्लायझन पूर्ण काढ, शेवटच्या प्रोटॉनपर्यंत. मग इथाइल ॲसिटेटच्या जागी इथाइल आयसोब्युटिरेट ठेव आणि पुन्हा काढ. प्रत्यक्षात सोडियम इथॉक्साइडने ही दुसरी रिॲक्शन नीट पुढे जात नाही. तयार झालेल्या कीटोएस्टरमध्ये दोन कार्बोनिलांच्या मधल्या कार्बनवर किती हायड्रोजन उरले ते मोज, दारावरचा पीकेएचा कागद बघ आणि का जात नाही ते दोन ओळींत लिहून मला दाखव.